वळिवड्याची पोलिश शाळा

लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरहून गांधीनगरला जाणाऱ्याला वाटेत पोलंड आठवायचं काही कारण नाही. घाऊक भावाची घासाघीस आणि गाडी लावायची मारामारी यातच दिवस जातो. पण फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे वसली, त्याआधी वळिवड्याच्या या माळावर दुसऱ्याच निर्वासितांचं गाव होतं. तिथे बालवाडीपासून आपल्या बारावीच्या तोडीच्या ‘लिसेउम’पर्यंत सगळं शिक्षण पोलिश भाषेत चालायचं.

परमुलखातल्या शाळा आजही असतात. बदलीवर आलेल्या जपानी नोकरदारांसाठी दिल्ली-मुंबईत जपानी शाळा निघाल्या. अभ्यासक्रम जपानचा, वर्षाची सुरुवातही तिथल्यासारखी एप्रिलमध्ये. मायदेशी परतल्यावर मूल मागे पडू नये, एवढाच सरळ हिशेब. वळिवड्याचाही हिशेब तोच होता. फक्त ही मुलं बदलीवर आली नव्हती.

फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात धाडली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा समझोता होऊन त्यांची सुटका झाली. मग कास्पियन समुद्र, इराण, कराची असं करत १९४३ मध्ये ती कोल्हापूर संस्थानात पोचली. छावणीत सुमारे ५,००० माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं. खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करायचं.

शाळेपुढचं काम सोपं नव्हतं. ज्या वयात बाराखडी पक्की व्हायची, त्या वयात यातली कित्येक मुलं भाकरीच्या तुकड्यासाठी रांगेत उभी होती. मिसरूड फुटायच्या वयाच्या पोरांना लिहायला नव्याने बसवायचं, ‘एल’च्या पोटातून तिरकी रेघ मारली की उच्चार ‘व’कडे झुकतो हे पक्कं करून घ्यायचं, आणि पुढे लॅटिनपर्यंत न्यायचं. जोडीला स्काउट, नाटकं, चर्च. शिक्षक घडवणारा वर्गसुद्धा छावणीतच होता, कारण पोलिश शिकवणारा माणूस कोल्हापुरात मिळणार कुठून?

भूगोलात मात्र गाडी अडली. यातल्या पुष्कळ मुलांचं घर ज्या ल्वूफच्या मुलखात होतं, तो १९४५ च्या याल्टा परिषदेत सोव्हिएत संघाच्या पदरात पडला. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ज्या देशात परतण्यासाठी धडे गिरवले, त्या देशाच्या नकाशातून गावच निघून गेलं. १९४८ मध्ये छावणी मोडली. काही जण पोलंडला गेले, तर अनेकांनी इंग्लंड गाठलं. कुणी ऑस्ट्रेलियापर्यंत पांगले.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सात वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे, तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी आदरांजली वाहिली. त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, छावणीत वाढलेली काही मुलं कोल्हापूरला येऊन गेली. तोवर ती ऐंशी-नव्वदीला टेकली होती.