नैसर्गिक संपत्तीच्या संकेतस्थळाचे पहिले पान : वर्गीकरण आणि संज्ञा

संकेतस्थळाच्या पहिल्या पानास मराठीत ‘मुखपृष्ठ’ व ‘मुख्यपृष्ठ’ अशा दोन संज्ञा रूढ झाल्या आहेत. पैकी पहिली ग्रंथव्यवहारातून आली आहे. परंतु ग्रंथाचे मुखपृष्ठ मुख्यतः परिचयासाठी व शोभेसाठी असते. आतील एखादी नोंद शोधण्यासाठी वाचक त्याचा आश्रय करीत नाही. संकेतस्थळाच्या पहिल्या पानाकडून मात्र हीच अपेक्षा असते. कार्याच्या दृष्टीने त्याचे नाते ग्रंथाच्या अखेरीस जोडलेल्या सूचीशी अधिक जवळचे आहे. पाणी, जमीन व वने यांविषयीची माहिती एकत्र देणाऱ्या प्रादेशिक संकेतस्थळाच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. तेथे हवी ती नोंद सापडली नाही, तर वाचकाचा हंगाम किंवा पदरची रक्कम वाया जाण्याचा संभव असतो. अशा पानाची रचना हा सजावटीचा प्रश्न होण्यापूर्वी वर्गीकरणाचा व नामकरणाचा प्रश्न असतो, हे महाराष्ट्रातील पाण्याच्या उदाहरणावरून दाखविता येईल.

वर्गीकरणाचा सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे शासकीय खात्यांची विभागणी जशीच्या तशी पानावर उतरविणे. महाराष्ट्रात मोठ्या धरणांतील साठा जलसंपदा विभागाच्या, भूजल हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या, पाणलोटाची कामे मृद व जलसंधारण विभागाच्या, तर जमिनीचे अभिलेख महसूल विभागाच्या कक्षेत येतात. कारभारासाठी ही विभागणी आवश्यक आहे. परंतु वाचकाचा प्रश्न या रेषांवरून उद्भवत नाही. ‘आमच्या शिवारात बोअर घ्यावा काय?’ हा शेतकऱ्याचा एकच प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र खडक, पाणीपातळी, पाऊस आणि कायदा या चार ठिकाणी विखुरलेले असते. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी मुख्यतः भेगांत व झिजलेल्या थरांत साठते, यास्तव अधिक खोल गेल्याने पाणी लागेलच असे नाही. शिवाय १ जून २०१४ पासून अमलात आलेल्या ‘महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९’ या कायद्याने ६० मीटरांहून खोल विहिरीस ‘खोल विहीर’ मानून तिच्यावर निर्बंध घातले आहेत. खात्यांच्या नावांनी मांडलेल्या पानावर या चारही गोष्टी उपलब्ध असू शकतात. पण त्या परस्परसंबद्ध आहेत हे वाचकाला आधीच ठाऊक असावे लागते. प्रश्नानुसार मांडलेले पान हा संबंध स्वतः जोडून देते.

यानंतर वस्तूंच्या नावांचा विचार करावा लागतो. उपरोक्त प्रश्नात शेतकरी ‘बोअर’ म्हणतो. शासकीय कागदपत्रांत ‘विंधन विहीर’ असते. आणि ‘कूपनलिका’ हा तिसरा शब्दही प्रचारात आहे. यांपैकी एक शब्द शुद्ध ठरवून बाकीचे टाकून देणे येथे युक्त होणार नाही. विंधन विहीर कठीण खडकात घेतात व कूपनलिका गाळाच्या जमिनीत, उदाहरणार्थ तापी-पूर्णेच्या खोऱ्यात, असा भेद तज्ज्ञ करतात. हा भेद उपयुक्त असल्याने तो नष्ट होता कामा नये. तथापि ‘बोअर’ हा शब्द लिहून शोध घेणाऱ्यास ‘काहीही आढळले नाही’ असे उत्तर मिळणे हा परिभाषेचा विजय नव्हे. सूचीकार अशा प्रसंगी ‘पाहा’ हा निर्देश योजतो. बोलीतील शब्द प्रवेशासाठी आणि परिभाषेतील शब्द नेमकेपणासाठी, अशी कामाची विभागणी केली म्हणजे दोहोंचा मान राहतो.

स्थलनामांचा प्रश्न याहून बिकट आहे. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तत्पूर्वीच्या सर्व नोंदी अर्थातच जुन्या नावांनी आहेत. केवळ नवे नाव ओळखणाऱ्या पानावर पूर्वीचे पर्जन्यमान हरवते, आणि केवळ जुने नाव ओळखणाऱ्या पानावर आजचा नागरिक अडतो. गावांच्या बाबतीत ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे मूळ फारसी भेददर्शक शब्द निर्णायक ठरतात. कोष्टकांत त्यांचा ‘बु.’ व ‘खु.’ असा संक्षेप होतो. तो गळाला की एका गावची पाणीपातळी शेजारच्या गावाच्या नावावर जमा होते. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. यंत्राने संकेतांक ओळखावा व वाचकाने नाव लिहावे, ही व्यवस्था उत्तम. मात्र प्रत्येक संकेतांकाशी त्या गावाची सर्व प्रचलित नावे जोडलेली असली पाहिजेत.

गावाची सीमा आणि पाण्याची सीमा या भिन्न आहेत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. नाशिक हा एकच जिल्हा; परंतु तेथील पाणी काही गोदावरीतून, काही गिरणेवाटे तापीतून, तर काही पश्चिमवाहिनी नद्यांतून वाहून जाते. भूजल यंत्रणेने राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभाजन केले आहे. ते शास्त्रीय असले तरी आपल्या पाणलोट क्षेत्राचा क्रमांक नागरिकाला ठाऊक नसतो. म्हणून प्रवेश गावाच्या नावाने द्यावा, आणि ते गाव कोणत्या पाणलोटात व खोऱ्यात मोडते हे पानाने सांगावे.

आकड्यांनाही परिभाषा असते. पश्चिम महाराष्ट्रात धरणाचा साठा ‘टीएमसी’त, म्हणजे अब्ज घनफुटांत, सांगण्याची रूढी आहे, मराठवाड्यात ‘दलघमी’ म्हणजे दशलक्ष घनमीटर हे एकक अधिक परिचित आहे. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दलघमी. एकाच नदीवरील दोन प्रदेशांत वाद उपस्थित झाला असता दोन्ही एकके शेजारी नसतील, तर वादाचा काही भाग केवळ गैरसमजाचा असतो. टक्केवारी त्याहून फसवी आहे. उजनी धरणाची एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी असून त्यांपैकी उपयुक्त साठा ५३.५७ व मृत साठा ६३.६६ टीएमसी आहे. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढली जाते. त्यामुळे ‘शून्य टक्के’ असे वाचून धरण कोरडे पडले असे समजणारा चुकतो, आणि ‘उणे’ टक्केवारी पाहून तर तो गोंधळतोच. पहिल्या पानावर आकडा द्यावयाचा तर त्यासोबत एकक, टक्केवारीचा आधार आणि मोजणीचा दिनांक ही तिन्ही दिली पाहिजेत. दिनांकाविना दिलेली पाणीपातळी मे महिन्याची की पावसाळ्यानंतरची हे कळत नाही, आणि त्या दोहोंतील अंतरावर तर पिकाचा निर्णय अवलंबून असतो.

या विवेचनावरून पहिल्या पानाचा आराखडा साधा ठरतो : सर्वांत वर गावाचे नाव लिहिण्याची जागा, त्याखाली लोकांच्या शब्दांतील मोजके प्रश्न, त्यानंतर दिनांकासह अद्ययावत आकडे, आणि अगदी तळाशी खात्यांची नावे. खात्यांना तळाशी स्थान देण्यात त्यांचा अधिक्षेप नाही. माहितीच्या खरेपणाची जबाबदारी त्यांचीच असल्याने नावे असलीच पाहिजेत; फक्त ती वाचकाच्या वाटेत नसावीत. अशा पानासाठी संगणकतज्ज्ञ व भूवैज्ञानिक यांच्याइतकीच कोशकाराचीही गरज आहे. गावोगावचे शब्द गोळा करणे, त्यांचे पर्याय नोंदविणे आणि प्रत्येकास योग्य संज्ञेशी जोडणे हे काम मराठीच्या विभागांतून होण्याजोगे आहे. त्याची उपयुक्तता विहीर खोदण्यापूर्वी शेतकऱ्यास मिळालेल्या उत्तरावरून ठरविता येईल.