रात्रीचं पाणी कुणाचं?

बुलढाणा जिल्ह्यात गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचं की घाटाखालचं? अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. जुन्या वऱ्हाडातले बालाघाट आणि पाइनघाट ते हेच. पावसाच्या पाण्याची वाटणीही हाच घाट करतो. बुलढाण्याजवळ मढ इथं बुधनेश्वराशी उगम पावणारी पैनगंगा पूर्वेला जाते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगरातून उत्तरेला उतरणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा पूर्णेत शिरतात. पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. पूर्णाही एक नाही. घाटावरची खडकपूर्णा वेगळी, ती गोदावरीच्या वाटेची.

नकाशावर नद्यांची अशी गर्दी दिसते. मात्र चैत्र-वैशाखात त्यातल्या बहुतेक नद्या म्हणजे वाळूचे आणि गोट्यांचे रस्ते असतात. पाठपिशवीत तंबू घालून, नळ नाही, वीज नाही, संडास नाही अशा जागी रात्र काढण्याची हौस महाराष्ट्रात आता रुजली आहे. पवना आणि भंडारदरा धरणांच्या काठी तंबूंच्या रांगा लागतात. तिथं पाणी अमाप असल्यानं ते कुणाच्या वाट्याचं आहे, असा प्रश्न कुणाला पडत नाही. बुलढाण्यात मात्र रानातला मुक्काम म्हटला की आधी हाच प्रश्न येतो. कोसांच्या परिसरात एकच डबकं उरलं असेल आणि माणसानं त्याच्याच काठावर पथारी पसरली, तर त्या रात्री तहानलेलं कोण राहतं?

वाळूखालचं पाणी

बुलढाणा हे वाळवंट नव्हे. वर्षाकाठी इथं सातआठशे मिलिमीटर पाऊस होतो. पण तो चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत पडून जातो. घाटावर काळा बेसाल्ट खडक आहे, त्यात पाणी थोडंच मुरतं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. पण अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा याच गाळात आहे. विहीर खोदा, कूपनलिका घ्या, पाणी लागतं आणि ते तोंडात धरवत नाही. पाणी आहे पण पिता येत नाही, ही वाळवंटातली अवस्था इथल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. लोणारच्या विवरात तर हे अगदी समोरासमोर दिसतं: मधोमध खारं, अल्कधर्मी सरोवर आणि काठावरच्या उतारावर गोड्या पाण्याची अखंड धार.

कोरड्या पात्रातलं पाणी काढायची रीत म्हणजे झिरा. वळणावर, वाळू किंचित गडद आणि हाताला गार लागते तिथं उकरायला सुरुवात करायची. हात-दीड हात खाली गेलं की कडा ओल्या होऊन आत ढासळू लागतात. मग खड्डा रुंद करायचा आणि तळाशी जमलेलं पहिलं गढूळ पाणी वाटीनं काढून फेकायचं. दुसरंही फेकायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला वाळूतून निवळ पाणी पाझरू लागतं. ते वाटीवाटीनं घागरीत भरायचं, आणि घागर भरली की झिरा पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. पुराच्या वेळी वाळूत मुरलेलं हे पाणी वाळूच्याच सावलीत टिकलेलं असतं. माणूस निघून गेला की रात्री त्याच खड्ड्यावर इतर येतात. सकाळी काठावर रानडुकराचे खूर आणि मोराची पावलं उमटलेली असतात.

झिरा टिकतो तो वाळू टिकली तर. पूर्णा आणि खडकपूर्णेच्या पात्रांतून टिप्पर भरभरून रेती गेली, तिथं उघडा खडक किंवा गाळ उरला. पूर येतो आणि वाहून जातो. मुरायला जागाच नसते. काठावरच्या मुक्कामाची चर्चा करताना रेतीघाटांचा विषय वगळून चालत नाही, तो यामुळे.

जागल, वाडा आणि मचाण

रानात उघड्यावर रात्र काढणं या जिल्ह्याला नवं नाही. त्याला कुणी पर्यटन म्हटलं नाही, एवढंच.

पहिला मुक्काम जागलीचा. हरभरा घाट्यावर आला, मका दाण्यात भरला की रोही आणि रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात. रोही म्हणजे नीलगाय. मग घरातलं एक माणूस जागलीला जातं. चार खांबांवर बांधलेला माळा, वर कडबा अंथरलेला, सोबत घोंगडी, बॅटरी आणि वाजवायला एखादा रिकामा डबा. कृषिपंपाला वीज रात्रीची असेल तर ओलीतही त्याच रात्री उरकायचं. माळा उंच असतो त्याला कारण आहे. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. जमिनीवर झोपू नये, हे शहाणपण इथं कुठल्या पुस्तिकेतून आलेलं नाही.

दुसरा मुक्काम मेंढपाळांच्या वाड्याचा. खरिपाची पिकं निघाली की धनगरांची बिऱ्हाडं घोड्यांवर लादून वाटेला लागतात. दिवसा चराई आणि पाणी, रात्री एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात मुक्काम. मेंढरं वावरात बसवली की लेंडीखत जागच्या जागी पडतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. या व्यवहाराचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. कळपाला पाणी दिवसा पाजलं जातं आणि रात्रीचा तळ नदीवर न पडता शेतात पडतो. त्यामुळे अंधारात पाणवठा मोकळा राहतो. विदर्भात मेंढ्या आणि उंट घेऊन फिरणारे कच्छचे रबारीही दिसतात. खऱ्याखुऱ्या वाळवंटी मुलखातली ही माणसं इथल्या रानात वर्षातले कित्येक महिने काढतात, आणि त्यांचं सगळं सामान उंटाच्या पाठीवर मावतं.

तिसरा मुक्काम मचाणावरचा, वन विभागाच्या देखरेखीखालचा. वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, राज्यातल्या अभयारण्यांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर निसर्गप्रेमींना रात्रभर बसू दिलं जातं. ही तिथी निवडण्यामागे साधा हिशेब आहे. उन्हाळा टोकाला पोचलेला असतो, पाणी मोजक्या ठिकाणी उरलेलं असतं, त्यामुळे प्राण्यांना तिथं यावंच लागतं. आणि चांदण्यात ते दिव्याशिवाय दिसतात. पूर्वी याला प्राणिगणना म्हणत. पण एकच रोही रात्रीत दोनदा आला तर तो दोन मोजला जातो, म्हणून वाघ-बिबट्यांच्या संख्येसाठी आता स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आधार घेतात. मचाणावरच्या रात्रीला आता 'निसर्गानुभव' असं नाव आहे.

ज्ञानगंगा अभयारण्य या अनुभवाला साजेसं आहे. १९९७ साली घोषित झालेलं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे कोरडं पानझडी जंगल घाटाच्या उतारावर पसरलेलं आहे. साग, सालई, धावडा, अंजन, पळस ही इथली झाडं. बिबट्या, तडस, रोही, चौशिंगा हे रहिवासी. पण ज्ञानगंगेची खरी ओळख अस्वलाची. दिवस कलायच्या आत मचाणावर चढायचं आणि उजाडेपर्यंत खाली उतरायचं नाही. भडक कपडे नकोत, अत्तर नको, बॅटरीचा झोत पाण्यावर टाकायचा नाही. हातात नोंदीचा तक्ता: वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी, पिल्लं. संध्याकाळी मोर आणि रोही येऊन जातात. मग बराच वेळ तक्ता कोराच राहतो. टिटवी ओरडली की सगळे सावरून बसतात. बिबट्या आला तर आवाज न करता येतो आणि पाणी पिऊन तसाच जातो. अस्वल मात्र लपत नाही. धापा टाकत येतं आणि पोटभर पिऊन होईपर्यंत हलत नाही. माणूस पाण्याच्या अगदी जवळ असतो, पण वर असतो आणि गप्प असतो.

चालून आलेला पाहुणा

या जंगलात सर्वांत गाजलेला मुक्काम मात्र माणसाचा नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. त्याचा क्रमांक टी१-सी१. जूनमध्ये तो टिपेश्वरमधून निघाला. तेलंगणातून आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतशिवारांतून सुमारे १३०० किलोमीटर फिरून डिसेंबरमध्ये तो ज्ञानगंगेत पोचला. पुढचं भटकणं धरून त्याची चाल ३००० किलोमीटरच्या घरात गेली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी कॉलरवरून त्याच्या हजारो जागा टिपल्या. दिवसा आडोशाला दडायचं आणि रात्री वाट कापायची, असा त्याचा क्रम होता. वाटेत गावं, महामार्ग, कपाशीची शेतं सगळं लागलं. कॉलर निघाल्यानंतर, मार्च २०२१ मध्ये, तो तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात सापडला.

या प्रवासातून मुक्कामाला निघणाऱ्यांनी एक गोष्ट घ्यायला हवी. अभयारण्याची हद्द नकाशावर असते. जनावराची वाट तिच्याबाहेरून, शेतातून आणि नदीनाल्यांतून जाते. अभयारण्याबाहेरच्या काठावर तंबू ठोकला म्हणून आपण कुणाच्या वाटेत नाही, असं होत नाही.

अंतराचा कायदा

जिथं खरंच वाळवंटातल्या नद्या आहेत, तिथं या प्रश्नावर कायदा झाला आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, परिसरातलं एकमेव पाणी वन्यप्राण्यांना किंवा गुरांना मिळेनासं होईल अशा रीतीनं पाणवठ्यापासून पाव मैलाच्या, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आत मुक्काम करणं हा गुन्हा आहे. शेजारच्या नेवाडात हे अंतर १०० यार्डांचं आहे. ॲरिझोनातल्याच अरावायपा खोऱ्यात वाळवंटातून बारमाही ओढा वाहतो. १९८४ पासून संरक्षित असलेल्या या खोऱ्यात दिवसाला फक्त ५० माणसांना परवाना मिळतो आणि कुणालाही दोन रात्रींहून जास्त राहता येत नाही. आखलेल्या जागा नाहीत, नळ नाही, संडास नाही. सोयी शून्य आणि नियम कडक.

आपल्याकडे कायद्याचा पाया आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय अभयारण्यात शिरता येत नाही आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवता येत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानं राखीव वनांतही असेच निर्बंध घातले आहेत. म्हणजे ज्ञानगंगेत, लोणारच्या विवरात किंवा सातपुड्यातल्या अंबाबरवा अभयारण्यात मनाला येईल तिथं तंबू ठोकून शेकोटी पेटवणं हा सरळ कायदेभंग आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम मानला जातो, आणि सागाचा पाचोळा पेटायला एक ठिणगी पुरते. पाण्यापासून अंतर किती, हे मात्र आपल्याकडे मुक्कामाच्या संदर्भात कुणी फारसं बोलत नाही. अभयारण्याबाहेरच्या नदीकाठी तर काहीच ठरलेलं नाही.

अंतर राखण्यात माणसाचाही जीव वाचतो. कोरडं पात्र झोपायला मोहक: सपाट, मऊ, काट्याविना. पण पाऊस डोंगरात पडतो आणि लोंढा पात्रात येतो; खाली आभाळ मोकळं असतानाही येतो. २०२३ च्या जुलैत सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांना पुरानं झोडपलं, तेव्हा नदीनाल्यांनी काठ सोडून गावं आणि शेतं गाठली. अवकाळीच्या दिवसांत हा धोका उन्हाळ्यातही असतो. अस्वलाचंही तसंच. ते सहसा शिकारीसाठी माणसावर येत नाही. अचानक समोर आलं की बिथरून हल्ला करतं. मोहाची फुलं वेचायला किंवा तेंदूपत्त्याला पहाटे निघालेली माणसं त्याच्या तावडीत सापडतात ती अशी. पाण्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर तंबू म्हणजे अशा भेटीला दिलेलं आमंत्रण.

काय करता येईल

बुलढाण्यानं मुक्कामाला नकार द्यावा, असं मुळीच नाही. लोणारचं विवर आणि २०२० मध्ये त्याला मिळालेला रामसर दर्जा, ज्ञानगंगेचे उतार, वान नदीचं खोरं, अंबाबरव्याचे डोंगर, एवढं वैभव असलेल्या जिल्ह्यात लोक येणार आणि रात्रीही राहू पाहणार. पण त्यांची सोय पाण्याच्या काठावर न करता शेताच्या बांधावर करावी. अभयारण्यालगतच्या गावांत शेतकऱ्याच्या संमतीनं, त्याच्या वावरात, जागलीच्या माळ्यावर किंवा शेजारी तंबूत पाहुण्याला ठेवता येईल. भाडं त्या घराला मिळेल आणि रोह्यांच्या हंगामात राखणीलाही सोबत होईल. पिण्याचं पाणी प्रत्येकानं माणशी मोजून बरोबर आणावं. झिऱ्याच्या किंवा पाणवठ्याच्या भरवशावर येऊ नये. शेकोटीऐवजी डबा. संगीत नाही. विष्ठा पाण्यापासून दूर वीतभर खोल पुरावी आणि कचरा आला तसा परत न्यावा. हे सगळे नियम मचाणावरच्या रात्री लोक निमूटपणे पाळतातच.

आणि अंतराचा नियम लेखी करावा. उन्हाळ्यात पाणी असलेल्या प्रत्येक नैसर्गिक आणि कृत्रिम पाणवठ्यापासून सूर्यास्त ते सूर्योदय ४०० मीटरच्या आत मुक्काम नाही, एवढं एक कलम ग्रामपंचायती आपल्या ठरावात घेऊ शकतात. वन विभागाला परवान्याच्या अटींत ते घालता येईल. पाणवठा कुठं आहे, तो मेमध्ये आटतो की टिकतो, हे गावातला गुराखी अचूक सांगतो. यादी करायला वेगळं सर्वेक्षणही लागणार नाही. त्याच यादीवरून रेती उपशाच्या लिलावातून कोणते पट्टे वगळायचे, हेही ठरवता येईल. मेंढपाळ दिवसा पाणी पाजून रात्री वावरात तळ देतो, तो त्याच्या हिशेबानं. पाहुण्यांसाठी तोच हिशेब नियमात उतरवायचा आहे. पहिला तंबू पाण्याला खेटून उभा राहिला आणि त्याचं भाडं सुरू झालं की मग तो मागे सरकवणं अवघड जाईल. म्हणून हा ठराव आधी व्हायला हवा, जाहिरात नंतर.