गळ्यातला लेसर आणि कधीच न सापडणारा ठिपका

(या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातले 'म्हणजे बघा' आणि मधला खोकला काढलाय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा विषय दिसायला किरकोळ आहे, पण त्यात थोडी भूमिती आहे, मांजर आहे आणि कोल्हापूरचे चित्तेसुद्धा आहेत.

वस्तू अशी. कुत्र्या-मांजराच्या गळ्यात बांधायचा पट्टा, पट्ट्यावर एक छोटी डबी, डबीत लेसर. बटण दाबलं की जनावराच्या समोर जमिनीवर लाल ठिपका पडतो. ते ठिपक्यावर झेपावलं की ठिपका पुढं सरकतो. तुम्ही घरी नसला तरी ते आपलं आपण खेळत राहील, अशी यामागची कल्पना. दिवसभर मांजराला फ्लॅटमध्ये एकटं ठेवून कामाला जाणाऱ्या माणसाला हे ऐकून किती हलकं वाटत असेल, मला कळतं. तुमच्यापैकी तिघा-चौघांनी विचारलंय, "घेऊ का?" माझं उत्तर 'नको' असं आहे. लेसर वाईट म्हणून नव्हे. लेसर हातातून गळ्यात गेला की खेळाचा लॉजिकच बदलतो, म्हणून.

आधी हातातला लेसर घेऊ. मांजराला लेसरनं पळवण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत १९९५ साली चक्क पेटंट मिळालंय. नावच 'मांजराला व्यायाम देण्याची पद्धत'. विनोदी पेटंटांच्या यादीत ते हमखास सापडतं. पण वाचलं तर एक गोष्ट लक्षात येते. झोत हातात धरलेल्या यंत्रातून येतो, आणि तो मांजराच्या आवाक्याबाहेर हलवायचं काम माणूस करतो. म्हणजे ठिपका कुठं न्यायचा, कधी थांबवायचा, हे ठरवणारं कुणीतरी तिथं असतं.

आता गळ्यातला. समजा मांजराच्या गळ्यातली डबी जमिनीपासून २० सेंटीमीटर उंच आहे आणि झोत १५ अंश खाली झुकलाय. ठिपका पडणार साधारण ७५ सेंटीमीटर पुढं. मांजर एक मीटर धावलं, ठिपकाही एक मीटर पुढं. मान वळवली, ठिपका वळला. वाकून दबा धरला, उंची निम्मी झाली, तर ठिपका जवळ येतो, पण हाताला काही लागत नाही. बैलाच्या शिंगाला काठी बांधून तिच्या टोकाला पेंढी लटकवावी, तसला प्रकार. आमच्या भाषेत सांगायचं तर लक्ष्याचे कोऑर्डिनेट्स शिकाऱ्याच्याच सापेक्ष आहेत, त्यामुळं अंतर कधी शून्य होतच नाही. काही डब्यांत ठिपका इकडं-तिकडं हलवायला बारीक मोटर असते. तिनं फक्त गंमत वाढते, हिशोब तोच राहतो.

शिकार करणाऱ्या जनावराच्या डोक्यात एक साखळी असते: दिसणं, दबा धरणं, पाठलाग, झडप, चावा. मांजर चेंडूशी खेळतं तेव्हाही हीच साखळी चालते. या लूपमधून बाहेर पडायचे दोन रस्ते निसर्गानं ठेवलेत. एक, सावज हाताला लागतं. दोन, सावज पळून जातं आणि नजरेआड होतं. हरणं हासुद्धा शेवटच आहे. उंदीर बिळात गेला की मांजर थोडा वेळ बिळापाशी बसतं आणि मग उठून अंग चाटायला लागतं. गळ्यातला ठिपका मात्र हाताला लागतही नाही आणि नजरेआडही होत नाही. दोन्ही ब्रेक काढून टाकलेला लूप. राहिलं काय? दमणं, नाहीतर बॅटरी संपणं.

आता चित्ते. कोल्हापूर संस्थानात हरणाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जायचे. शाहू महाराजांच्या काळापासून पुढं गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे चाललं. आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणले गेले. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. शिकारीची जुनी पद्धत अशी: चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीवरून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचं, टोपी काढायची, सोडायचं. चित्ता काही शे मीटर वाऱ्यासारखा जातो. नाही जमलं तर थांबतो, हरीण निघून जातं, विषय संपला. जमलं तर चित्तेवान मागून येऊन त्याला त्या शिकारीचं रक्त नाहीतर मांसाचा तुकडा द्यायचा, आणि तो ते खात असतानाच टोपी परत डोळ्यांवर. ती शिकार चांगली का वाईट हा वेगळा विषय. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीरच झालं. पण त्या माणसांना एक पक्कं ठाऊक होतं: पाठलाग केलेल्या जनावराच्या तोंडात शेवटी काहीतरी पडलं पाहिजे, आणि खेळ कुठं थांबवायचा ते माणसानं ठरवलं पाहिजे. आपल्या दिवाणखान्यातलं मांजर त्याच घराण्यातलं.

"पण मांजर तर मजेत पळतं की!" पळतं. पळणं म्हणजे मजा असेलच असं नाही. २०२१ साली 'ॲनिमल्स' नावाच्या शोधनियतकालिकात मांजरं पाळणाऱ्या ६१८ लोकांची पाहणी आली. लेसरनं जितकं जास्त खेळवलं जातं, तितकं उजेडाच्या किंवा सावलीच्या मागं लागणं, एकटक बघत बसणं, एकाच खेळण्यावर अडकून राहणं असलं वागणं मालकांनी जास्त सांगितलं. इथं सावध राहू. ही मालकांनी सांगितलेली माहिती आहे आणि यात संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. कदाचित मुळात अस्वस्थ असलेल्या मांजरांनाच लोक जास्त लेसर दाखवत असतील. पण ती पाहणी लेसर पॉइंटरवरची होती, म्हणजे ज्यात हात थांबू शकतो. न थांबणाऱ्या पट्ट्याबाबत मी तरी जास्तच बिचकणार.

कुत्र्यांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. कुत्र्याला लाल रंग मळकट, अंधुक दिसतो. त्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो. म्हणजे त्याला ओढतो तो रंग नव्हे, हालचाल. आपल्या भागातली कारवान, पश्मी ही तर नजरेनं शिकार करणारीच कुत्री. काही कुत्र्यांना उजेडाच्या मागं लागायचं वेड लागतं, आणि ते लेसरपुरतं राहत नाही. घड्याळाच्या काचेचा कवडसा, ताटावरून भिंतीवर उठलेली चमक, पंख्याची सावली, सगळ्यावर भुंकायचं, भिंत खरवडायची. ते सोडवायला मग प्राण्यांच्या डॉक्टरकडं खेटे. कुत्र्याला लेसर हातातूनही नको आणि गळ्यातूनही नको.

डोळ्यांचं बोलू. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेसरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या कोल्हापुरात आणि पुण्यात आपण वाचल्यात, त्यावर बंदीचे आदेशही निघालेत. ते लेसर खूप ताकदीचे; खेळण्यातला साधारण एक ते पाच मिलिवॅटचा. मग घाबरायचं कशाला? कारण डोळ्याचं भिंग झोत एका टिंबावर गोळा करतं, आणि बुबुळापासून पडद्यापर्यंत जाताना त्याची तीव्रता साधारण एक लाख पटीनं वाढू शकते. एक मिलिवॅटच्या आतला दृश्य लेसर 'क्लास २' मध्ये येतो. तो सुरक्षित का धरतात, तर माणूस पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा तोंड फिरवतो म्हणून. सावजावर नजर रोखलेलं मांजर तोंड फिरवेल याचा भरवसा मी धरणार नाही. स्वस्तातल्या डबीवर क्लास छापलेला असला तरी आतला डायोड तेवढाच आहे हे कोण मोजतंय? हिरवा तर आणखी बेभरवशाचा. स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा अवरक्त प्रकाश गळतो, हे अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेनं २०१० साली मोजून दाखवलंय.

आणि मघाचे ते १५ अंश आठवा. मांजरानं मान थोडी वर केली की झोत आडवा होतो, जमिनीपासून वीतभर उंचीवर. त्या उंचीवर घरात कुणाचे डोळे असतात? दुसऱ्या मांजराचे. आणि रांगणाऱ्या बाळाचे. हातातला लेसर तुम्ही बाळ दिसलं की खाली करता. मांजर करत नाही. शिवाय आपल्या घरांत चकचकीत फरशी, स्टीलचे डबे, कपाटाचा आरसा, म्हणजे परावर्तनाला तोटा नाही. डबीतल्या बटणासारख्या बॅटऱ्या हा आणखी एक धोका. कुत्र्यानं डबी चावून फोडली आणि बॅटरी गिळली तर अन्ननलिका भाजते. तिथं वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर.

मग दिवसभर एकटं असणाऱ्या मांजराचं काय? खरं सांगायचं तर मांजर दिवसाचा बराच भाग झोपतं. त्याची खुमखुमी पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे तुमच्या दहा मिनिटांची गरज तुम्ही घरी असतानाच जास्त असते. काठीला सुतळी, सुतळीला चिंधी किंवा पीस. पळवा, लपवा, आणि दर तीन-चार झडपांत एकदा पकडू द्या. नंतर लगेच जेवण. लेसर वापरायचाच असेल तर हातात, कमी वेळ, डोळ्यांपासून लांब, आणि शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर नेऊन बंद करा. सकाळी निघताना कोरडं खाणं चार ठिकाणी लपवून जा: पुठ्ठ्याच्या खोक्यात, खुर्चीखाली, खिडकीच्या कट्ट्यावर. त्यानं ते शोधायचं आणि खायचं. खर्च शून्य, आणि शोध संपतो.

एक गोंधळ मात्र करू नका. एलईडीचा चमकणारा पट्टा वेगळा. तो समोर ठिपका पाडत नाही, स्वतःच चमकतो. अंधारात रंकाळ्यावर कुत्रं फिरवताना गाडीवाल्याला ते दिसावं म्हणून तो चांगलाच. फक्त लुकलुकणारा मोड बंद ठेवून सलग उजेडाचा लावा, आणि घरी आल्यावर काढून ठेवा. मांजराला पट्टा घालायचाच असेल तर ओढ बसली की आपोआप सुटणाऱ्या बकलचा घ्या. खिडकीच्या ग्रीलमध्ये साधा पट्टा अडकला तर मांजराला फास बसू शकतो. पट्टा घालताना तुमची दोन बोटं आत सहज गेली पाहिजेत.

प्रश्न असतील तर पाठवा. पुढच्या भागात भेटू.