व्याजाची मोजपट्टी बदलताना

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा कर्जावरील व्याज दरसाल अडीच टक्के असे कायमचे ठरले. पुढे बाजारात काहीही घडले, तरी हिशेब बदलणार नव्हता. नंतरच्या काळात मात्र आंतरराष्ट्रीय कर्जांचे व्याज बहुधा बदलते असू लागले, आणि ते ठरविण्यासाठी सर्वमान्य अशा संदर्भदराची गरज निर्माण झाली. लंडनचा ‘लायबॉर’ हा असाच दर होता.

आपणांस किती व्याजाने पैसे उसने मिळतील, याचा अंदाज काही बँका रोज कळवीत. त्यावरून हा दर काढला जाई. अशा अंदाजांत लबाडीस वाव होता, आणि २०१२ मध्ये ती चव्हाट्यावर आली. अखेर ३० जून २०२३ नंतर डॉलरचा लायबॉर पूर्वीच्या रूपात निघेनासा झाला. त्याच्या जागी ‘सोफर’ आला. अमेरिकी सरकारी रोखे तारण ठेवून एका रात्रीपुरते जे प्रत्यक्ष व्यवहार होतात, त्यांवरून तो काढतात. लायबॉरवर विसंबून असलेला भारतातील ‘मायफॉर’ही त्यामुळे बदलावा लागला.

तारणामुळे सोफर सामान्यतः कमी असतो. जुन्या करारांत तो तसाच घातला असता, तर धनकोचे नुकसान झाले असते. म्हणून दोन्ही दरांतील पाच वर्षांच्या फरकाचा मध्यक काढून तीन महिन्यांच्या डॉलरदरासाठी ०.२६१६१ टक्का अधिक धरण्याचे ठरले. दहा कोटी डॉलरच्या कर्जावर हा फरक वर्षाला अडीच लाख डॉलरहून अधिक होतो. मोजपट्टी बदलली, तरी धनको आणि ऋणको यांचे देणेघेणे शक्यतो पूर्वीइतकेच राहावे, हा त्यामागील हेतू होय.