फळीचा सूर

ध्वनिक्षेपकाचा आवाज केवळ त्याच्या पुढील कागदी शंकूतून येतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः शंकू पुढेमागे हलू लागला की पेटीतील हवेला व चौकटीलाही हिसके बसतात आणि लाकडी फळ्या थरथरू लागतात. हा कंप डोळ्यांना दिसत नाही. परंतु फळीचे क्षेत्रफळ शंकूच्या कितीतरी पट असल्यामुळे अल्पशा कंपानेही ती आपला सूर गाण्यात मिसळते. निवेदकाचा मोकळा आवाज मग रांजणातून आल्यासारखा घुमतो. आणि दोष गळ्याचा की पेटीचा, हे नभोवाणी केंद्रातील अभियंत्याला कळेनासे होते.

फळी जाड केली की काम झाले, असे कोणालाही वाटेल. मडके वाजवून घ्यावे, तशी पेटीवर टिचकी मारून तिची परीक्षा करणारेही पुष्कळ आहेत. परंतु टिचकीने मडक्याची चीर कळते. कोणत्या सुराला फळी किती हलते, हे कळत नाही. ते मोजावेच लागते.

त्यासाठी त्वरणमापी नावाचे चिमुकले यंत्र फळीवर चिकटवितात आणि खर्जापासून तारापर्यंतचे सूर क्रमाने वाजवितात. फळी हलेल त्या प्रमाणात यंत्रातून विद्युत्‌संदेश निघतो व त्याचा आलेख काढता येतो. आलेखाची रेषा जेथे टेकडीसारखी एकाएकी उंचावते, तो त्या फळीचा स्वतःचा सूर. यंत्र मात्र हलके हवे. चमचाभर गरम दुधात मोठा तापमापक बुडविला, तर दूधच निवते; तसे जड यंत्र पातळ फळीचा कंपच बदलून टाकते. शिवाय एकाच जागी मोजून भागत नाही. जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी याने १७८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाळू पसरलेल्या पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज फिरविला होता. तेव्हा हलत्या भागांवरील वाळू उडून स्थिर रेषांवर गोळा झाली. अशा रेषेवर यंत्र बसले, तर थरथरणारी फळीही शांत भासेल.

आता जाड फळीकडे वळू. त्याच लाकडाची जाडी दुप्पट केली, तर सेकंदाला २०० कंपने करणारी फळी सुमारे ४०० करू लागते. म्हणजे तिचा सूर नाहीसा न होता वरच्या सप्तकात जाऊन बसतो, आणि तेथे आपला कान अधिक तीक्ष्ण असतो! बी. बी. सी.च्या संशोधन विभागातील हारवुड व मॅथ्यूज यांनी १९७७ च्या अहवालात याच प्रश्नाचा विचार केला. पातळ प्लायवुडला आतून कंपशोषक थर देणे हा मार्ग त्यांना अधिक हितकर दिसला. डांबरमिश्रित नमद्यासारखा असा थर फळीबरोबर वाकतो आणि वाकताना कंपाची शक्ती उष्णतेत बदलून टाकतो. आलेखावरील टेकडी त्यामुळे बसकी होते.