मातीखालील मानवी अवशेष आणि उत्खननाची शिस्त

रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जणांचा ठाव न लागताच २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवावे लागले. ज्यांना आपल्या माणसाचा देहही मिळत नाही, त्यांच्या दुःखाला शेवट नसतो. मातीखालील अवशेष शोधून, त्यांची ओळख पटेल व मृत्यूचे कारण कळेल अशा स्थितीत बाहेर काढणे, हे न्यायसहायक पुरातत्त्वविद्येचे कार्य होय.

शिस्तीवाचून खणल्यास काय गमावते, हे पंजाबातील अजनाला येथे दिसून आले. १८५७ मध्ये ठार केलेल्या २६ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या सैनिकांचे अवशेष २०१४ साली स्थानिक नागरिकांनी तज्ज्ञांविना विहिरीतून काढले. हेतू आदराचा होता. परंतु अनेक हाडे मोडली आणि ती कोणत्या स्थितीत पडली होती याची नोंद राहिली नाही. पुढे प्रामुख्याने दातांच्या परीक्षणावरून हे सैनिक गंगेच्या खोऱ्यातील होते, असे २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखविले.

खड्डा खणून बुजविला की मातीचे थर मिसळतात. म्हणून त्या भरावाचा रंग व घट्टपणा भोवतालच्या मातीहून निराळा राहतो. प्रथम गवंड्याच्या थापीने पृष्ठभाग हलकेच खरवडून ही कडा शोधतात. खुंट्या व सुतळीने चौकोन आखून थराथराने माती काढतात. हाड दिसताच लोखंडी अवजार बाजूला ठेवून बांबूची काडी व कुंचला हाती घेतात. संपूर्ण सांगाडा उघडा होऊन त्याचे छायाचित्र, मोजमाप व रेखाटन होईपर्यंत एकही हाड उचलीत नाहीत. काढलेली माती चाळतात, कारण दात, गुंडी किंवा अंगठीच पुष्कळदा ओळख पटविते.

आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात आणखी एक दक्षता हवी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगांतून लहान वस्तू खाली घसरतात. म्हणून केवळ खोलीवरून काळ ठरविणे येथे धोक्याचे असते.

महाराष्ट्रात या शिस्तीचा उत्तम धडा पुणे जिल्ह्यातील इनामगावने दिला. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते लोक लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखाली पुरीत, तर प्रौढांना बहुधा पाय घोट्यापासून तोडून पुरीत. अवशेष जागच्या जागी अभ्यासले गेले, म्हणूनच ही रीत उमगली.

विहीर किंवा पाया खणताना हाडे आढळल्यास काम तत्काळ थांबवावे, काहीही हलवू वा धुऊ नये, जागा झाकून पोलिसांना कळवावे. हाडे माणसाची की जनावराची, जुनी की अलीकडची, हे तज्ज्ञ ठरवितील. ज्या विद्यार्थ्यांना या विद्येची ओढ आहे, त्यांच्यासाठी नागपूरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज ही दारे खुली आहेत. संयम, स्वच्छ नोंद आणि मृताविषयी आदर हे या कामाचे तीन आधार आहेत. त्यांचा सराव शाळेच्या वयातच सुरू होऊ शकतो.