चित्र, कागद आणि मुलांचे प्रश्न : महाडच्या निमित्ताने

पेण-रोह्याकडील आपल्या मुलांना महाडचा दिनांक विचारावा. '२० मार्च १९२७' हे उत्तर बहुधा तत्काळ मिळते. परंतु पाणी प्राशन केल्यानंतर पुढे काय झाले, असे उलट विचारणारा विद्यार्थी विरळा. धम्मास आपण नित्य 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि पाहा, हीच रीत इतिहास शिकवितानाही अवलंबावी, असे आम्हांस वाटते.

आरंभ चित्रांपासून करावा. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांचे 'भीमायन' (२०११) यासाठी उत्तम. मूळ मजकूर इंग्रजी असला तरी चित्रे कोणालाही वाचता येतात. त्यांत सौम्य शब्द पक्ष्याच्या आकारात, तर विखारी शब्द विंचवाच्या नांगीसह येतात. नांगी कोणाच्या शब्दांना आहे, एवढे विचारले तरी वर्ग बोलू लागतो. शाळेत तहानलेला भीम आणि चवदार तळे एकाच प्रकरणात का, हा प्रश्न मात्र मुलांनाच सुचू द्यावा. शिक्षकाने घाई करू नये.

नंतर मूळ साधने हाती द्यावीत. 'बहिष्कृत भारता'चे अंक शासनाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आहेत. महाडच्या परिषदेचे नाव 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद' असे होते. ते वाचून मुलांना मुंबईचा कुलाबा आठवेल. पेण व रोहे तेव्हा याच कुलाबा जिल्ह्यात होते. रायगड हे नाव १९८१ चे. आपल्याच जिल्ह्याची ही परिषद, हे मुलांना नकाशावर शोधू द्यावे.

पुढे दिनांक जुळविताना खरे कोडे उभे राहते. बोले ठराव १९२३ चा, तळे खुले करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. मग १९२७ साली सत्याग्रह का करावा लागला? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला, डिसेंबरात न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. वादींना अनादी वहिवाट सिद्ध करता आली नाही, हा उच्च न्यायालयाचा निर्णय १७ मार्च १९३७ रोजी आला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! हे चित्रात मावत नाही, कागदच सांगतात.

मूळ साधन म्हणजे केवळ कागदही नव्हे. रोह्याच्या मुलांना तळा तालुक्यातील कुडा लेण्यांत न्यावे. तेथील ब्राह्मी लेखांत दाते म्हणून वैद्य, लोखंडाचा व्यापारी आणि माळीही आढळतो. माळ्याजवळ लेण्याच्या दानाइतके धन कोठून आले असेल, हे मुलांनी तेथेच उभे राहून विचारावे.